इम्प्लांट कोणते घ्यावे, आणि कधी बदलावे?

आमच्या दवाखान्यात स्तनाच्या इम्प्लांटची, म्हणजे स्तनाला आकार देण्यासाठी शस्त्रक्रियेने आत बसवायच्या पिशवीची, चौकशी करायला येणाऱ्या काही जणींचा स्तन कर्करोगामुळे काढलेला असतो. सोलापुरात किंवा बार्शीला उपचार पुरे करून त्या येतात. काहींचा आकार बाळंतपणानंतर उतरलेला असतो, काहींच्या दोन बाजूंत वयात आल्यापासून फरक असतो, आणि काहींना नुसता थोडा भरीवपणा हवा असतो. कारण काहीही असो, पहिला प्रश्न ठरलेला: ‘एकदा बसवलं की जन्माचं काम झालं ना?’

नाही. इम्प्लांट ही जन्मभर टिकणारी वस्तू नाही. आज पंचविशीत बसवले तर पुढे केव्हातरी दुसरी शस्त्रक्रिया होणार हे धरूनच चला, आणि पैशांचा हिशेबही तसाच करा.

आता प्रकार. बाहेरची पिशवी दोन्हींची सिलिकॉनचीच. फरक आत काय भरले आहे याचा: सिलिकॉनचे जेल, किंवा सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. तपासणीच्या टेबलावर दोन्हींचे नमुने ठेवलेले आहेत. लाजू नका, हातात घेऊन दाबून बघा. जेलचा एक नमुना आम्ही मुद्दाम मधोमध कापून ठेवला आहे. तो दाबला तरी काही ओघळत नाही; खरवसाच्या वडीसारखे जेल जागच्या जागी राहते. पूर्वीच्या काळचे जेल पातळ असायचे. जेलबद्दलची धास्ती बरीचशी त्या काळातली आहे. अमेरिकेत १९९२ साली जेलच्या इम्प्लांटवर कडक निर्बंध आले आणि बरीच वर्षे अभ्यास झाल्यावर २००६ मध्ये ती पुन्हा सर्वसाधारण वापरासाठी खुली झाली.

सलाईनची पिशवी रिकामी आत घालून मग भरतात, त्यामुळे चीर लहान लागते. फुटली तर स्तन लवकरच सपाट होतो, म्हणजे कळायला वेळ लागत नाही, आणि पाणी अंगात जिरून जाते. पण अंगाने बारीक असलेल्या बाईला त्वचेखाली सुरकुत्या हाताला लागतात, कधी दिसतातही. जेल हाताला जास्त नैसर्गिक लागते. त्याची खोड वेगळी: फुटले तरी बाहेरून काहीच कळत नाही. याविषयी पुढे सांगितले आहे.

बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरखरीत असतो. सोलापूरच्या माणसाला हे समजावायला सोपे: एक सॅटिनसारखा, दुसरा आपल्या टेरी टॉवेलसारखा. खरखरीत पृष्ठभागाला आतले मांस धरून बसते, त्यामुळे इम्प्लांट फिरत नाही. थेंबाच्या आकाराची इम्प्लांट म्हणूनच खरखरीत करतात. थेंब उलटा झाला तर आकारच बिघडेल. गोल फिरले तरी गोलच. मात्र याच खरखरीत प्रकाराशी लसीकाग्रंथींच्या (रोगाशी लढणाऱ्या) पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग जोडलेला आढळला, आणि जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. आमचे मत विचाराल तर बहुतेकींसाठी गोल, गुळगुळीत आणि जेलचे. ज्यांच्या अंगात जुने खरखरीत इम्प्लांट आहे त्यांनी घाबरून ते काढायला धावू नये. त्रास नसेल तर काढण्याची शिफारस नाही. पण बसवून काही वर्षे उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली, आत पाणी साठल्यासारखे वाटले किंवा गाठ लागली, तर तो ‘उन्हाचा त्रास’ समजून घरी बसू नका. हा आजार वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि त्याभोवती शरीराने विणलेला पडदा पूर्ण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर: सोलापूरच्या मे महिन्यात इम्प्लांट वितळत नाही. बाहेर त्रेचाळीस अंश असले तरी आत शरीराचे सदतीसच.

माप सीसीमध्ये असते (एक सीसी म्हणजे एक मिली) आणि आकड्यावरून कुणालाच काही उमगत नाही. घरचा उपाय सांगतो. मापाच्या कपाने अडीचशे मिली ज्वारी मोजा, पातळ पिशवीत बांधा, ब्रामध्ये ठेवा आणि दोन दिवस घरातली कामे करा. भाकरी थापताना, जिना चढताना काय वाटते ते बघा. मग दोनशे करा, तीनशे करा. वहीत आकडा लिहून आणा. छातीची रुंदी मोजून शेवटचे माप आम्हीच ठरवू, पण तुमचा आकडा हातात असला की बोलणे सोपे जाते.

कर्करोगानंतर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. रेडिएशन झाले असेल किंवा होणार असेल, तर इम्प्लांटभोवतीचा पडदा आवळण्याची शक्यता बरीच वाढते. अशा वेळी पोटाचे किंवा पाठीचे स्वतःचे मांस वापरून स्तन घडवणे पुष्कळदा जास्त टिकाऊ ठरते. आणि काहीच न करता ब्रामध्ये बसवायचा सिलिकॉनचा बाहेरचा स्तन वापरणे, हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. घरच्यांच्या आग्रहाखातर इम्प्लांट बसवू नका.

आता बदलण्याचे. ‘दहा वर्षे झाली की बदलायचेच’ असे ऐकून येणाऱ्या पुष्कळ आहेत. इम्प्लांटवर औषधाच्या बाटलीसारखी संपण्याची तारीख नसते. वर्षे वाढतील तशी फुटण्याची आणि आवळण्याची शक्यता वाढते, एवढेच खरे. तक्रार नाही आणि तपासणी स्वच्छ, तर पंधराव्या वर्षीही हात लावायचे कारण नाही. उलट पडदा आवळून स्तन कडक झाला, दुखू लागला, वर सरकला, तर तिसऱ्या वर्षीही बदलावे लागते. प्रत्येक इम्प्लांटभोवती शरीर पडदा विणतेच, तो आजार नव्हे. तो आवळला की त्रास सुरू होतो. वजन खूप वाढणे-उतरणे, बाळंतपण, किंवा नुसते ‘आता हे माप नको’ हीसुद्धा बदलण्याची रास्त कारणे आहेत. आणि बदलायला आलेल्या बाईने ‘काढूनच टाका’ म्हटले तरी चालते.

जेल फुटलेले कळत नाही म्हणून तपासणी. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, २०२० ची शिफारस अशी: शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी, त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. सलाईनला याची गरज नाही. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीला, जाल तेव्हा तिथल्या ताईंना इम्प्लांट असल्याचे आधी सांगा. इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने फोटो घ्यावे लागतात.

शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला एक कार्ड मिळेल: कंपनी, प्रकार, माप, सिरीयल नंबर. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा आपल्या अंगात कुणाचे इम्प्लांट आहे हे ठाऊक असणे किती गरजेचे, ते जगभरच्या बायकांना कळले. एक मावशी कार्ड लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून विसरल्या होत्या. शालू नातीला दिला तेव्हा सापडले. कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या एका विश्वासू माणसाला पाठवून ठेवा. इम्प्लांट दुसरीकडे बसवले असेल आणि कार्ड हरवले असेल, तर त्या रुग्णालयातून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागवा आणि येताना जुने रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म सगळे घेऊन या. पहिल्या भेटीला एक तास मोकळा ठेवा, आम्हीही ठेवतो.