तेलदूषित मातीचे व्यवस्थापन (पुनर्विकासातील खोदकाम)

जुना कारखाना, पेट्रोल पंप, बस आगार किंवा रेल्वे यार्ड हटवून तिथे नवे बांधकाम सुरू झाले की पायासाठी खणताना अनेकदा तेल मुरलेली माती वर येते. ती ओळखणे, चांगल्या मातीपासून वेगळी ठेवणे, तिच्यातून निघणारे पाणी आणि वाफा आवरणे, आणि ती शुद्ध करून परत वापरणे किंवा सुरक्षित जागी हलवणे, हे सारे या व्यवस्थापनात येते.

तेल जमिनीत सारखे पसरत नाही. पेट्रोल आणि डिझेल झिरपत भूजलापर्यंत जातात व पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगतात. पावसाळ्यात पाण्याची पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते. तेलही तिच्याबरोबर वरखाली होते आणि मधला सगळा थर माखून निघतो. त्यामुळे वरची माती स्वच्छ दिसली तरी खाली काळा, उग्र वासाचा पट्टा सापडतो. जड फर्नेस तेल मात्र बहुधा गळतीच्या जागेजवळच चिकटून राहते. पेट्रोलमधले बेंझीन कर्करोगकारक आहे. पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतात आणि ठिणगी पडली तर पेटतात. म्हणून कामगार खड्ड्यात उतरण्याआधी वायुमापकाने हवा तपासावी लागते. नाकावर भरवसा ठेवणे जिवावर बेतू शकते.

कामाचा खरा कस पोकलेन येण्याआधीच लागतो. जुने नकाशे, टाक्यांच्या आणि नळांच्या जागा, तिथे काम केलेल्यांच्या आठवणी यांवरून बोअर कुठे घ्यायचे ते ठरते आणि वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने प्रयोगशाळेत जातात. खणताना तेलकट मातीचा ढीग वेगळा, जाड प्लास्टिकवर, कडेने बांध घालून आणि वर ताडपत्री टाकून ठेवतात. खड्ड्यातले पाणी तेल वेगळे काढल्याशिवाय गटारात सोडत नाहीत. सर्वांत मोठे नुकसान सरमिसळीने होते. एक डंपर तेलकट माती स्वच्छ भरावात ओतली की दोन्ही वाया जातात. तेलाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली आणण्यासाठी चांगली माती मिसळणे हाही उपाय नव्हे. तेल तेवढेच राहते, दूषित ढीग मात्र वाढतो.

लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिक उद्यानाचे काम या क्षेत्रात आवर्जून अभ्यासावे असे आहे. ली नदीच्या खोऱ्यातली स्ट्रॅटफर्डजवळची ही सुमारे 2.5 चौरस किलोमीटर जागा शतकभराहून अधिक काळ कारखाने, रेल्वे यार्ड आणि कचराभूमी यांनी व्यापलेली होती. मातीत तेल, पेट्रोल, डांबर, शिसे, आर्सेनिक असे सगळेच सापडले. ती उचलून दुसऱ्या गावाच्या माथी मारण्याऐवजी जागेवरच माती धुण्याची यंत्रे बसवली गेली. या सोयीला ‘मातीचे रुग्णालय’ असे नाव पडले. खणलेल्या मातीपैकी सुमारे 80 टक्के तिथेच पुन्हा वापरली गेली. वर सुमारे 600 मिलिमीटर स्वच्छ मातीचा थर दिला आणि त्याखाली नारिंगी रंगाचे खूणवस्त्र अंथरले, म्हणजे पुढे कोणी खणले तर कुठे थांबायचे ते त्याला कळावे. पुढच्या पिढीतल्या खोदणाऱ्याचा असा विचार फार थोड्या कामांत होतो.

धुलाई वाळू-खडीला चांगली लागू पडते, कारण तेल बारीक कणांना धरून बसते. धुऊन वेगळा निघालेला गाळ पुढे स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. डिझेलसारख्या तेलासाठी मातीचे ढीग रचून त्यांत नळ्यांनी हवा खेळवतात आणि ओलावा, नत्र व स्फुरद देऊन जिवाणूंकरवी तेलाचे विघटन करवतात. याला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. चिकणमातीत हवा खेळत नाही, तिथे ही पद्धत रेंगाळते. घाई असेल तर माती तापवून तेल उडवतात, पण इंधनाचा खर्च मोठा असतो.

भारतात तेलयुक्त अवशेष 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येतात. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम 2025 मध्ये आले. महाराष्ट्रात अशा कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे केंद्रे आहेत. आपल्याकडे अडचण खडकाचीही आहे. मुरुमाखालच्या बेसाल्टच्या भेगांत शिरलेले तेल पोकलेनने निघत नाही. म्हणून माती काढल्यावर खड्ड्याच्या तळाचे आणि भिंतींचे नमुने तपासणे, आणि भराव घातल्यावरही निरीक्षण विहिरींतून काही पावसाळे भूजल तपासत राहणे गरजेचे असते.