जास्वंदीची काठी झालीय? आधी खत थांबवा

बाल्कनीतली जास्वंद चार फूट उंच झाली, खाली नुसती काठी, वर शेंड्याला पाच-सात पानं आणि फूल आलंच तर एखादं, असं दिसलं की बहुतेक लोक पहिल्यांदा काय करतात तर खत घालतात. पण उपाशी झाड खुरटतं, त्याची पानं पिवळी पडतात, हे तर भराभरा वाढतंय! याला कमी पडतोय तो उजेड, आणि अशात युरिया दिला तर काठी अजून लांबते, बाकी काही नाही.

उजेड कमी आहे हे आपल्या लक्षात येत नाही कारण आपले डोळे लगेच जुळवून घेतात. भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, खिडकीपासून थोडं आत आलं की तो काहीशे लक्सवर येतो, तरी आपण आरामात पेपर वाचत बसतो. झाड मात्र उजेड किती आहे ते ओळखतं आणि कसला आहे तेसुद्धा. हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पुढचा, आपल्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश बराचसा तसाच सोडून देतात. फायटोक्रोम नावाचं प्रथिन या दोन्हींचं प्रमाण बघतं, गडद लाल जास्त झाला की झाड समजतं शेजारी कोणीतरी उभं आहे, आणि मग पेरं, म्हणजे दोन पानांमधला खोडाचा भाग, लांब करून वर पळायला लागतं. म्हणून ग्रिलमध्ये कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की सगळ्याच काठ्या होतात.

आता आपल्याकडची खरी गंमत. "आमची बाल्कनी दक्षिणेला आहे, ऊन भरपूर येतं" असं लोक सांगतात ते डिसेंबरचं बघून, तेव्हा पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो, ऊन पार आतपर्यंत येतं. पण मेच्या मध्याला सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या शेवटपर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या बाजूलाच असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर अडीच महिने थेट ऊन पडतच नाही. वर स्लॅब, त्यात जूनपासून ढग, आणि नेमका हाच जोमाने वाढायचा सीझन! त्यामुळे मे संपायच्या आत कुंड्या गच्चीवर न्या, नाहीतर निदान पूर्वेच्या ग्रिलमध्ये.

झालेल्या काठीचं काय? लांबलेली पेरं परत आखूड होत नाहीत, ती कापावीच लागतात. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते त्या कोंबांना, फुटू देत नाही. थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात शेंगवर्गातल्या रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्सिन लावून बघितलं, तर शेंडा नसूनही डोळे दबलेलेच राहिले. आता असंही दिसलंय की शेंडा गेला की साखर या डोळ्यांकडे वळते आणि त्यानेही ते जागे होतात. आपले शेतकरी हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते फुटवे यावेत म्हणूनच ना.

तर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा, त्याच्या अर्धा सेंटीमीटर वर धारदार कात्रीने कापायचं, एका वेळी झाडाचा एक तृतीयांशच, आणि थोडी पानं ठेवायचीच. नवे फुटवे वीतभर झाले की त्यांचेही शेंडे खुडा. जास्वंदीला फुलं नव्या फुटीवरच येतात त्यामुळे मधे दीड-दोन महिने फूल दिसणार नाही, घाबरू नका, पण छाटून कुंडी परत त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलीत तर एका काठीच्या तीन काठ्या होतील. मोगऱ्याचं गणितही हेच, फक्त त्याची छाटणी थंडीत उरकायची म्हणजे उन्हाळ्यात बहर मिळतो.

काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत अजून एक गोष्ट होते, तिथे वारा नसतो, आणि वाऱ्याने हलणारं खोड आखूड आणि जाड होतं तसं तिथे होत नाही. दिवसा काचा उघड्या ठेवा.

आणि समोर मोठी बिल्डिंग असून दोन तासही ऊन येत नसेल तर जास्वंदीचा हट्ट सोडा, अबोली लावा, ती अर्ध्या सावलीतही फुलते.