त्वचेचा कॅन्सर: दोन्हीकडून आलेली एकच चूक

कर्कवृत्त उज्जैनच्या जरा उत्तरेला आहे. त्यामुळे इंदूरला जूनमध्ये भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तरीही मेलानोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कॅन्सर, भारतात वर्षाला लाखात एकालाही होत नाही. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे तिला सावळा रंग देणारं द्रव्य, हे त्याचं मोठं कारण. यावरून ‘आपल्याला हा आजार होतच नाही’ अशी समजूत पसरली आहे, आणि ज्या थोड्या मुलांना खरा धोका असतो त्यांचं निदान तिच्यामुळेच लांबतं.

हा कॅन्सर घराण्यात उतरतो, हा संशय जुना आहे. विल्यम नॉरिस या इंग्लिश डॉक्टरने 1820 मध्ये मेलानोमाच्या एका रोग्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्याचे वडीलही तशाच आजाराने गेल्याचं आणि मुलांच्या अंगावर बरेच तीळ असल्याचं नोंदवलं. भारतात शोध वेगळ्या टोकाने सुरू झाला. 1945 मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी सहकाऱ्यासह धोतर कमरेला वर्षानुवर्षं काचतं तिथे होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन केलं. तिथे कारण नेसण्याच्या सवयीत होतं.

रक्तातल्या, म्हणजे आनुवंशिक, कारणाचा धागा व्हिएन्नातून निघतो. 1874 मध्ये मोरित्झ कापोसीने कोरड्या, ठिपकेदार त्वचेच्या आजाराचं वर्णन केलं. तो पुढे झेरोडर्मा पिग्मेंटोसम म्हणून ओळखला गेला. त्यात नेमकं काय बिघडतं हे 1968 मध्ये जेम्स क्लीव्हरने दाखवलं. अतिनील किरणांमुळे डीएनएतली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तो सुमारे तीस अक्षरांचा तुकडा कापून काढते आणि जागा नव्याने भरते. यातल्या बहुतेक मुलांत हे कापणंच नीट होत नाही, चुका साचत जातात आणि पहिला कॅन्सर बहुधा नवव्या वर्षाच्या आसपास दिसतो.

1990च्या दशकात युरोपीय घराण्यांतून सीडीकेएन2ए आणि एमसी1आर ही मेलानोमाच्या धोक्याशी जोडलेली जनुकं पुढे आली. एमसी1आरचे जे प्रकार तांबडे केस आणि गोरी कातडी देतात, ते आपल्याकडे फारसे नाहीत. तेव्हा त्यावरचे आकडे वाचून आपल्या घराचा अंदाज बांधू नये. आपण पाहायचं ते नात्यातलं लग्न. आते-मामे भावंडांची जनुकं सरासरी एक अष्टमांश सारखी असतात. होळकरांच्या काळापासून इंदुरात वसलेल्या मराठी घरांत ओळखीतच सोयरीक झाली असेल, तर जनुकाची तीच सदोष प्रत आई आणि बाप दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आई-बाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः निरोगी पण एक सदोष प्रत बाळगणारे असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. झेरोडर्माचे बहुतेक प्रकार असेच उतरतात, आणि अल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य कमी असणं, तोही.

चुका ठरलेल्या आहेत. थोड्याशा उन्हाने बाळाची कातडी भाजली, तर ‘अॅलर्जी’ म्हणून मलम दिलं जातं. दोन वर्षांच्या आत चेहऱ्यावर ठिपके आले किंवा उजेडात डोळे उघडेनासे झाले, की त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. अल्बिनिझमला कोड समजतात. कोडाचे पांढरे डाग नंतर उमटतात, अल्बिनिझममध्ये जन्मापासून त्वचा, केस आणि डोळे फिके असतात, बुबुळं हलत राहतात. खिडकीची साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए हा दुसरा प्रकार बऱ्याच अंशी आत येऊ देते, म्हणून झेरोडर्माच्या घरात काचांना खास फिल्म लागते. सनस्क्रीन पातळ थरात लावलं तर डब्यावर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, मिळत नाही. मोठ्या माणसाच्या चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून लागतं, आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. ऊन पूर्ण टाळणाऱ्या मुलाला ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावं लागतं.

तपासणी आजारी मुलापासून सुरू करावी. त्याच्या थोड्याशा रक्तातून नेमका बदल सापडला, की आई-वडिलांत आणि लग्नाच्या वयाच्या नातलगांत तेवढाच शोधायचा असतो. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, कारण ज्या जनुकीय माहितीशी तुलना करतात तिचा साठा बराचसा युरोपीय आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांच्या जीनोममुळे, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या नोंदीमुळे, ही अडचण कमी होऊ लागेल. बदल पुढच्या गरोदरपणाआधीच माहीत असेल, तर 11 ते 13 आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक अंश तपासून बाळाबद्दल सांगता येतं.