मृत्युपूर्व जबाब आणि ‘शुद्धीवर’ हा शब्द

फक्त मृत्युपूर्व जबाबाच्या, म्हणजे मरणाऱ्याने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल सांगितलेल्या गोष्टींच्या, आधारे खुनाची शिक्षा होऊ शकते, हे आज वकिलांना नवे नाही. पण १९५७ पर्यंत ते ठरलेले नव्हते. इतर पुराव्याचा दुजोरा नसेल तर अशा जबाबावर विसंबू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९५३ च्या एका निकालात म्हटले होते. ते मोडीत निघाले नागपूरच्या एका खटल्यात. तिथे गिरणी कामगारांच्या दोन गटांत वैर होते आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये एका माणसावर तलवारी-भाल्यांनी हल्ला झाला. मरण्यापूर्वी त्याचा जबाब आधी डॉक्टरांनी, मग फौजदाराने आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांनी टिपला. हल्लेखोरांपैकी दोन नावे प्रत्येक जबाबात तीच होती. जबाब खरा आहे आणि कोणी पढवलेला नाही अशी खात्री पटली, तर दुजोऱ्याची सक्ती नाही, असे न्यायालयाने ठरवले. जबाब प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत असावा, हेही तिथलेच.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. असा जबाब पुरावा म्हणून घेऊ देणारे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३२ इंग्लंडच्या नियमापेक्षा सैल होते. बोलणाऱ्याने जगण्याची आशा सोडलेली असली पाहिजे, ही तिथली अट इथे आलीच नाही. अलाहाबादच्या १८८५ च्या प्रकरणात गळा चिरलेल्या तरुणीने हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे ग्राह्य धरली गेली. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या एका खटल्यात विवाहितेने मृत्यूपूर्वी आपल्या माणसांना लिहिलेली पत्रेही याच कलमाखाली विचारात घेतली गेली.

खरा गुंता झाला तो जळीत कक्षात. हुंड्यापायी जाळल्याच्या खटल्यांत बहुतेक वेळा घरातली माणसेच आरोपी असतात, बाहेरचा साक्षीदार नसतो. मग उरते ती खाटेवरची बाई. नातेवाइकांना बाहेर काढले जाते, डॉक्टर नाडी बघतात, कार्यकारी दंडाधिकारी एकेक प्रश्न विचारून उत्तर लिहितात. बोटे भाजलेली असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. कागदावर डॉक्टरांचा शेरा पडतो : ‘रुग्ण शुद्धीवर आहे’. पुढे उलटतपासणीत सगळा मारा याच ओळीवर होतो, कारण जबाब देणारी उलटतपासणीला हजर नसते.

शुद्धीवर असणे म्हणजे जबाब देण्यास मनाने सक्षम असणे का? १९९९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटले. डॉक्टरांनी फक्त ‘शुद्धीवर’ लिहिले, मानसिक सक्षमतेबद्दल काही लिहिले नाही, म्हणून जबाब नाकारला गेला. त्याच वर्षी गुजरातच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या पीठाने उलट सांगितले : दंडाधिकाऱ्यांची खात्री पटली असेल तर प्रमाणपत्रावाचून अडत नाही. तुल्यबळ पीठांच्या या दोन निकालांत खालच्या न्यायालयांनी कोणता पाळायचा?

उत्तर २००२ मध्ये आले, तेही महाराष्ट्रातल्या खटल्यात. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गुजरातची बाजू उचलली. डॉक्टरांचे प्रमाणपत्र हा केवळ खबरदारीचा नियम आहे, ‘शुद्धीवर’ आणि ‘सक्षम’ यांत भेद करत बसणे म्हणजे तांत्रिकतेचा अतिरेक, असा त्याचा आशय. हा निकाल मला मनापासून योग्य वाटतो. मध्यरात्री ड्युटीवरच्या डॉक्टरने घाईत लिहिलेल्या एका शब्दापायी मरणाऱ्या बाईचे बोलणे रद्दीत जाऊ नये. मात्र आरोपीच्या वकिलांची धास्ती पोकळ नाही. वेदनाशामक इंजेक्शनाच्या गुंगीत कोणी काय बोलेल, आणि ते नेमके कोणाच्या शब्दांत लिहिले जाईल, हा प्रश्न घटनापीठाने दंडाधिकाऱ्यांच्या समजुतीवर सोपवला. सगळ्यांच दंडाधिकाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण असते असे नाही.

त्यानंतर वादाचा रोख वळला एकाहून अधिक जबाबांकडे. पहिल्या जबाबात स्टोव्हचा भडका, माहेरची माणसे आल्यावर दुसऱ्यात नवऱ्याचे नाव. पहिला सासरच्या धाकाने दिलेला की दुसरा माहेरच्यांनी पढवलेला, हे प्रत्येक खटल्यात नव्याने तपासावे लागते. जबाब किती आहेत यापेक्षा प्रत्येक कोणत्या स्थितीत दिला गेला, हे न्यायालये पाहतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलम ३२ ची जागा कलम २६ ने घेतली, मृत्युपूर्व जबाबाचा गाभा बदलला नाही. त्या तारखेआधीपासून चालू असलेल्या खटल्यांत मात्र अजूनही १८७२ चेच कलम वाचले जाते.