नजर गेली, पण बाइक दिसली नाही

घरातल्या आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. डोळे हलताना तुम्हाला एकदाही दिसणार नाहीत. शेजारी कुणाला उभं केलंत तर त्याला मात्र तुमची बुबुळं सरकताना स्वच्छ दिसतील. एर्डमन आणि डॉज या संशोधकांनी ही गोष्ट १८९८ मध्येच नोंदवून ठेवली आहे. नजर एका जागेवरून दुसरीकडे झेप घेते, तेवढ्या वेळापुरतं मेंदू डोळ्यांकडून येणारं चित्र दाबून टाकतो. तसं केलं नसतं तर प्रत्येक झेपेला सगळं जग फरफटत गेल्यासारखं दिसलं असतं. अशा झेपा आपण सेकंदाला तीन-चार घेतो. मधल्या गाळलेल्या जागा मेंदू आपल्या अंदाजाने भरतो आणि आपल्याला वाटतं, सगळं सलग दिसतंय.

हे एकदा कळलं की अपघातानंतर कानावर येणारं ते वाक्य वेगळं ऐकू येतं. "दिसलाच नाही हो, कुठून आला कळलंच नाही." ठाण्यात राहून हे कधीच ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. ऐकणारे चिडतात. बाइकसकट धडधाकट माणूस दिसत नाही म्हणजे काय? मोबाइलमध्ये डोकं असणार, नाहीतर खोटं बोलतोय. दोन्ही शक्य आहे. पण पुष्कळदा तो खरं बोलत असतो, आणि मला तेच जास्त धास्तावणारं वाटतं. मोबाइल खिशात ठेवता येतो, पण डोळे आणि मेंदू असेच राहणार.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन गुंतलेलं होतं. त्यातल्या दोनतृतीयांश प्रसंगांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती: बाइकवाल्याचा हक्काचा रस्ता त्याने अडवला होता. आणि कारण बहुतेक वेळा एकच, बाइक लक्षातच आली नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे १०० मधली ४४ ते ४५. यातल्या किती जणांना समोरच्याने पाहिलंच नव्हतं, हे अशा आकड्यांतून कळत नाही.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडचंच घ्या. आतल्या कॉम्प्लेक्सच्या रस्त्याने तुम्ही कार घेऊन येता आणि मुख्य रस्त्यावर डावीकडे वळायचं असतं. उजवीकडून कंटेनर, डंपर, बस, रिक्षा, मधूनमधून दुचाक्या. मेट्रोच्या कामाचे पत्रे, खांब, सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणारा टेम्पो. तुम्ही उजवीकडे बघता, डावीकडे बघता, पुन्हा उजवीकडे, आणि निघता.

त्या बघण्यात नेमकं काय दिसतं? डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक बारीकसा खळगा असतो. तीक्ष्ण दृष्टी फक्त तिथली. हात लांब करून अंगठा उभा धरलात तर नखाच्या रुंदीएवढा भाग, साधारण २ अंश. बाकीचं सगळं पुसट. कडेची नजर पुसट असली तरी हालचाल मात्र चटकन पकडते. म्हणून उजवीकडे एक भरकन नजर टाकली तर प्रत्यक्षात दोन-तीन ठिपक्यांपुरतंच नीट पाहिलेलं असतं. मधलं सगळं झेपेखाली गेलेलं. कंटेनर अशा दोन ठिपक्यांच्या मध्ये मावत नाही. बाइक मावते.

त्यात भर पडते पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाची, ज्याला ए पिलर म्हणतात. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून तो नव्या गाड्यांत जाडजूड झाला आहे, आणि ते योग्यच आहे. पण हिशोब करून बघा. तुमच्या डोळ्यांपासून ६५ सेंटीमीटरवर असलेला खांब १० सेंटीमीटर रुंद दिसतो असं धरू. दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, म्हणून एकाला न दिसलेलं थोडंफार दुसऱ्याला दिसतं. तरीही २० मीटरवर दोन्ही डोळ्यांना न दिसणारी पट्टी मीटरभराहून थोडी जास्तच भरते. समोरून येणारी कार पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे तिचा काही भाग बाहेर डोकावतोच. हँडलसकट स्कूटर मीटरभरही नसते. ती माणसासह पूर्ण झाकली जाते.

पुढचा भाग मला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटतो. कोपऱ्यावर तुम्ही हळू पुढे सरकताय आणि बाइक तिच्या वेगाने येतेय. दोघंही सरळ आणि एकसारख्या वेगाने चालली असतील, आणि ठरलेल्या टकरीच्या बिंदूवर एकाच वेळी पोचणार असतील, तर तुमच्या काचेवर ती बाइक एकाच जागी थिजलेली दिसते. डावीकडे-उजवीकडे सरकतच नाही. दर्यावर्दी माणसं हे फार पूर्वीपासून ओळखून आहेत: दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली. म्हणजे जी बाइक आपल्यावर आदळणार आहे, नेमकी तीच कडेच्या नजरेला हालचालीची खूण देत नाही. आणि ती खांबाआड असेल, तर शेवटपर्यंत खांबाआडच राहू शकते.

दिसली तरी अंदाज चुकतो. समोरून येणारी वस्तू किती जवळ आली हे आपण ती डोळ्यात किती भराभर मोठी होते त्यावरून ठरवतो. ५० किलोमीटरच्या वेगाने येणारी बाइक सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते. ४० मीटरवर ती जेमतेम १ अंशाची, अंगठ्याच्या अर्ध्या रुंदीची. एका सेकंदाने दीड अंशाच्या थोडी वर. दुसऱ्या सेकंदाने साडेतीन. तिसरा सेकंद पुरा होण्याआधी ती तुमच्या दारावर. वाढ होते ती सगळी शेवटी, आणि "जाऊ" हा निर्णय तुम्ही पहिल्याच सेकंदात घेतलेला असतो. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये झालेल्या एका प्रयोगात हेच आढळलं. कार आणि बाइक एकाच वेळी पोचणार असल्या, तरी बाइकला अजून वेळ आहे असं लोकांना वाटत होतं. रात्री हे आणखी बिघडतं, कारण एकच दिवा म्हणजे एकच ठिपका. कारच्या दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं, तसं इथे काहीच वाढताना दिसत नाही.

इथवर डोळ्यांची गोष्ट झाली. पण डोळ्यांनी आपलं काम चोख केलं तरी मेंदू ते टाकून देऊ शकतो. ऑस्ट्रेलियात क्रिस्टन पामर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चालकाच्या जागेवरून दिसणारी रस्त्याची छायाचित्रं दाखवली आणि प्रसंग सुरक्षित आहे की नाही एवढंच विचारलं. शेवटच्या चित्रात एक अनपेक्षित वाहन घातलं होतं, कुणासाठी टॅक्सी, कुणासाठी मोटरसायकल. टॅक्सी ३१ टक्के लोकांच्या लक्षात आली नाही. मोटरसायकल ६५ टक्क्यांच्या. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या प्रयोगाने त्यावर कडी केली. लोक सिम्युलेटरमध्ये चौकात थांबून दोन्हीकडे बघायचे, निघायचं ठरवायचे, आणि त्याच क्षणी पडदा कोरा करून विचारलं जायचं: काय येत होतं? ज्या बाइकवर त्यांची नजर स्थिरावली होती, तीही काहींना सांगता येईना. कारपेक्षा बाइक विसरण्याचं प्रमाण जवळपास पाचपट होतं. बाइक बघितल्यानंतर दुसऱ्या बाजूला जितकं जास्त बघावं, तितकी ती निसटून जात होती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ही आपली शिकवण चांगली आहे, पण दुसऱ्या नजरेत पहिली पुसली जाऊ शकते.

असं का होतं, यावर पाश्चात्त्य अभ्यासक एक कारण हमखास देतात: तिकडे बाइक दुर्मीळ. क्वचित दिसणारी गोष्ट शोधताना माणूस चुकतो, हे जेरेमी वुल्फ यांनी २००५ मध्ये नीट दाखवलं. त्यांच्या प्रयोगात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली तर ती ७ टक्के वेळा निसटायची. शंभरातल्या एकाच चित्रात असली तर ३० टक्के वेळा.

पण ठाण्यात बाइक दुर्मीळ कुठे आहे? तीन हात नाक्यावर सिग्नल सुटला की सगळ्यात पुढे दुचाक्यांचाच लोंढा असतो. हे कारण इथे जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि तिकडचे निष्कर्ष इकडे उचलून आणताना हे कुणी सांगत नाही याची मला तक्रार आहे. माझ्या मते आपल्याकडे दुर्मीळ असते ती बाइकची जागा. चालक जिथून वाहन येईल असं धरून चालतो तिथे बाइक आली, तर बहुधा दिसते. ती येते उभ्या बस आणि डिव्हायडरच्या फटीतून, वळणाऱ्या टेम्पोच्या डाव्या अंगाने, किंवा पुढचा यू टर्न टाळायला राँग साइडने.

याला आधार फिनलंडमधून मिळतो, आणि तोही सायकलींच्या अभ्यासातून. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. उजवीकडे वळणारे कारचालक डावीकडेच बघत बसतात, कारण धोक्याची वाहनं तिकडून येतात. उजवीकडून सायकल आली तर ती नजरेतच येत नाही. कार आणि सायकलींच्या अशा टकरींचा रासानेन आणि सुमाला यांनी खोलवर तपास केला, तेव्हा धडकेआधी सायकल लक्षात आलेले चालक फक्त ११ टक्के निघाले. ६८ टक्के सायकलस्वारांनी मात्र कार पाहिली होती, आणि त्यातल्या ९२ टक्क्यांना खात्री होती की कारवाला थांबेल. घोडबंदरच्या त्याच कोपऱ्यावर डावी-उजवी उलट करा, म्हणजे राँग साइडने येणाऱ्या स्कूटीवाल्याची अवस्था कळेल. त्याला कार दिसते. म्हणून त्याला वाटतं की कारवाल्यालाही आपण दिसतोय.

उपाय आहेत, आणि त्यातले काही सिद्ध झालेले आहेत. मलेशियाने १९९२ पासून मोटरसायकलींना दिवसाही हेडलाइट लावायला लावला. तिथल्या अभ्यासात, न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो तो याचसाठी. दिवसा दिवा का चालू म्हणून खाणाखुणा करणारे अजून भेटतात, त्यांना हे जरूर सांगा. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांना अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी दिसला. असे कपडे घालणारी माणसं मुळातच जपून चालवत असतील, ही शंका रास्त आहे. तरी पावसाळ्यात पाम बीच रोडवर काळा रेनकोट आणि काळं हेल्मेट घातलेला माणूस डांबरात कसा विरून जातो, हे तिथून जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल.

कारवाल्याच्या हातात दोन साध्या गोष्टी आहेत. कोपऱ्यावर फक्त मान वळवायची नाही, अंग पुढे-मागे करायचं. डोकं वीतभर हललं की खांबाआडची पट्टी सरकते. दुसरी गोष्ट नॉटिंगहॅमच्याच संशोधकांनी सुचवलेली: बाइक दिसली की तोंडाने म्हणायचं, "बाइक". नुसतं डोळ्यांनी टिपलेलं पुढच्या नजरेत पुसलं जातं. उच्चारलेला शब्द मेंदूत वेगळ्या जागी, काही सेकंद तरी टिकतो. इटलीतल्या एका अभ्यासात असंही आढळलं की ज्यांच्याकडे बाइकचंही लायसन्स आहे असे कारचालक कार-बाइक टकरींना कमी वेळा जबाबदार असतात. आपल्याकडचे बरेच कारवाले आधी स्कूटरवरूनच कामाला जायचे, ही आपली जमेची बाजू.

कंटेनरच्या बाबतीत मात्र चालकाने कितीही मान हलवली तरी भागत नाही. उंच केबिनच्या डाव्या अंगाला, दाराला लागून उभी असलेली बाइक काचेच्या खालच्या कडेखाली जाते. लंडनने यासाठी मालट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसतं ते मोजून शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि १ मार्च २०२१ पासून त्यानुसार परवाना सक्तीचा केला. कमी ताऱ्यांच्या ट्रकला कॅमेरे आणि सेन्सर बसवल्याशिवाय शहरात येता येत नाही. जेएनपीटी बंदराकडून गुजरातच्या दिशेने घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्या गाड्यांना हे माप लावायला हवं, आणि मागणी ठाणेकरांनीच करायला हवी.