आठ-बिटी होम कॉम्प्युटरवरील बिटमॅप चित्रदर्शन

आठ-बिटी होम कॉम्प्युटरच्या मेमरीत ठिपक्याठिपक्याने साठवलेले चित्र असेंब्ली भाषेतल्या (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेतल्या) प्रोग्रॅमने पूर्ण पडद्यावर दाखवण्याचे तंत्र. ॲपल टू (१९७७), अटारी ४०० व ८०० (१९७९), बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ (दोन्ही १९८२) आणि ॲमस्ट्रॅड सीपीसी (१९८४) ही या तंत्राची मुख्य यंत्रे. या नोंदीत कमोडोर ६४ चा विचार सविस्तर केला आहे, कारण या तंत्रातल्या बहुतेक अडचणी आणि त्यांवरच्या युक्त्या त्या एका यंत्रात एकत्र भेटतात.

चित्र दाखवणारा प्रोग्रॅम स्वतः काहीही रेखाटत नाही. संगणकातली व्हिडिओ चिप सेकंदाला ५० किंवा ६० वेळा मेमरीचा ठरावीक भाग वाचते आणि त्यावरून टीव्हीचा सिग्नल तयार करते. बाइट योग्य जागी ठेवणे आणि कोणता भाग कोणत्या पद्धतीने वाचायचा हे चिपला सांगणे, एवढेच प्रोग्रॅमच्या वाट्याला येते. हे सांगणे चार-पाच सूचनांत उरकते. डोके चालवावे लागते ते मेमरीतल्या मांडणीसाठी, आणि ही मांडणी प्रत्येक यंत्रात वेगळी असते.

रंगांची घरे

कमोडोर ६४ च्या बिटमॅपमध्ये आडवे ३२० आणि उभे २०० पिक्सेल असतात. सोळा रंगांपैकी कोणताही रंग कोणत्याही पिक्सेलला द्यायचा तर प्रत्येकी चार बिट लागतील. म्हणजे ३२,००० बाइट, यंत्राच्या एकूण मेमरीच्या जवळपास निम्मे. पण जागेपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. टीव्हीवर एक ओळ उमटायला सुमारे ६४ मायक्रोसेकंद लागतात. व्हिडिओ चिप आणि प्रोसेसर मेमरी आळीपाळीने वापरतात. यंत्राच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याचा, म्हणजे आवर्तनाचा, अर्धा भाग चिपचा, अर्धा प्रोसेसरचा. ओळीच्या दृश्य भागात चिपला अशी ४० आवर्तने मिळतात, म्हणून ती ४० बाइट वाचू शकते. चाळीस बाइट म्हणजे ३२० बिट, पिक्सेलमागे फक्त एक.

रंगांची माहिती आणखी ४० बाइटांची असते. ती आणण्यासाठी चिप प्रोसेसरला सुमारे चाळीस आवर्तने थांबवून ठेवते. हे प्रत्येक ओळीला परवडणारे नाही, म्हणून ते दर आठ ओळींतून एकदाच होते. प्रोग्रॅमर अशा ओळीला 'बॅडलाइन' म्हणतात. पडद्याचे आठ बाय आठ पिक्सेलांच्या घरांत तुकडे पडतात ते याच कारणाने. एकदा वाचलेले रंग पुढच्या आठ ओळी चालवून घ्यावे लागतात. जुन्या संगणकांवरच्या चित्रांचा तो ओळखीचा चौकडीदार बाज चित्रकाराने निवडलेला नसून मेमरीच्या वेगाने लादलेला आहे.

साध्या बिटमॅपमध्ये प्रत्येक घराला दोनच रंग मिळतात. ते १,००० बाइटच्या स्क्रीन मेमरीत एकेका बाइटच्या दोन अर्ध्या भागांत असतात: वरचा अर्धा भाग एक असलेल्या बिटांचा, खालचा शून्य असलेल्यांचा. मल्टिकलर पद्धतीत दोन-दोन बिटांची जोडी एक पिक्सेल ठरवते. पिक्सेल दुप्पट रुंद होतात आणि आडवे १६० उरतात, पण घरात चार रंग बसतात. ००ला साऱ्या चित्राचा समाईक पार्श्वरंग, ०१ व १०ला स्क्रीन मेमरीतले दोन, आणि ११ला स्वतंत्र रंग-मेमरीतला एक. ही रंग-मेमरी ५५२९६ या पत्त्यापासून सुरू होते, तिच्या प्रत्येक जागेत चारच बिट असतात आणि ती हलवता येत नाही. ही शेवटची अट पुढे पुन्हा आडवी येते.

बाइटांची मांडणीही सरळ नाही. पहिले आठ बाइट पहिल्या ओळीत शेजारीशेजारी नसतात. ते एकाच घरात वरून खाली उतरतात, मग शेजारचे घर सुरू होते. घरांची एक आडवी रांग ३२० बाइटांची. त्यामुळे एखादा पिक्सेल शोधायचा तर उभ्या अंतराला आठने भागून भागाकाराला ३२० ने गुणायचे, बाकी मिळवायची, आणि त्यात आडव्या घराच्या क्रमांकाची आठपट टाकायची. ज्या प्रोसेसरला गुणाकाराची सूचनाच नाही, त्याच्यावर हे दर पिक्सेलला करणे वेडेपणाचे ठरते. म्हणून २०० ओळींचे पत्ते आधीच काढून तक्त्यात ठेवतात. तयार चित्र दाखवताना मात्र हा हिशेब लागत नाही; फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने तो केलेलाच असतो.

एक चित्र, शंभराच्या आत बाइट

कमोडोर ६४ वरील चित्रांसाठी कोआला पेंटर या चित्रकला-प्रोग्रॅमची फाइल जवळजवळ प्रमाण मानली जाते. ती १०,००३ बाइटांची असते: सुरुवातीला दोन बाइटांत लोड करण्याचा पत्ता २४५७६, मग ८,००० बाइट बिटमॅप, १,००० बाइट स्क्रीन मेमरी, १,००० बाइट रंग-मेमरी आणि शेवटी एका बाइटात पार्श्वरंग. हा पत्ता विचारपूर्वक निवडलेला आहे. व्हिडिओ चिपला एका वेळी १६ किलोबाइटच दिसतात; ६४ किलोबाइटचे चार गट असून त्यांतला एक निवडावा लागतो. बिटमॅप गटाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या अर्ध्यातच बसतो. २४५७६ हा दुसऱ्या गटाच्या उत्तरार्धाचा पहिला पत्ता. त्यामुळे फाइल लोड होताच बिटमॅप जागच्या जागी असतो, आठ हजार बाइट हलवावे लागत नाहीत.

उरलेले मात्र हलवावे लागते. स्क्रीन मेमरी १,०२४ च्या पटीतल्या पत्त्यावरच असायला हवी आणि फाइलमध्ये ती ३२५७६ वर येते; म्हणून ती, समजा, १६३८४ वर नेतात. रंग-मेमरीची प्रत ३३५७६ पासून उचलून ५५२९६ ला नेण्यावाचून गत्यंतर नाही. कमोडोर ६४ च्या ६५१० प्रोसेसरचे इंडेक्स रजिस्टर (पत्त्यात मिळवायचा आकडा ठेवण्याची जागा) आठ बिटांचे, म्हणजे शून्य ते २५५ एवढेच मोजणारे. म्हणून हजार बाइटांची नक्कल चार तुकड्यांत, पण एकाच लूपमध्ये करतात: दर फेरीला चारही तुकड्यांतला एकेक बाइट एलडीए या सूचनेने उचलायचा आणि एसटीएने ठेवायचा. २५६ फेऱ्यांत १,०२४ बाइट जातात. वरचे २४ बाइट पडद्यावर दिसत नाहीत. स्क्रीन मेमरीच्या बाबतीत त्यांतल्या शेवटच्या आठांत स्प्राइटचे (चित्रावर स्वतंत्रपणे हलणाऱ्या छोट्या आकृत्यांचे) पत्ते असतात खरे, पण स्प्राइट बंद असतील तर काही बिघडत नाही. नेमके हजारच हवेत असा आग्रह असेल तर २५० च्या चार तुकड्यांत काम करावे. ते थोडे नेटके दिसते, एवढाच फरक.

त्यानंतर चिपला सांगायचे, म्हणजे ठरावीक पत्त्यांवर आकडे लिहायचे. ५६५७६ या जागेतले खालचे दोन बिट ३ वरून २ केले की दुसरा गट निवडला जातो. हे बिट उलटे मोजले जातात, आणि नवशिक्याचा पहिला तास बहुधा इथेच जातो. ५३२७२ मध्ये ८ टाकले की स्क्रीन मेमरी गटाच्या सुरुवातीला आणि बिटमॅप उत्तरार्धात ठरतो. ५३२६५ मध्ये ५९ टाकल्याने बिटमॅप पद्धत आणि ५३२७० मध्ये २४ टाकल्याने मल्टिकलर सुरू होते. पार्श्वरंग ३४५७६ वरून ५३२८१ मध्ये जातो, आणि तोच किंवा काळा ५३२८० मध्ये टाकून कडेची बॉर्डर रंगवतात. सारा प्रोग्रॅम शंभर बाइटच्या आत मावतो.

शेवटी प्रोग्रॅम स्वतःकडेच उडी मारत थांबून राहतो. तो यंत्रातल्या बेसिक या अंगभूत भाषेकडे परतला तर 'रेडी' ही अक्षरे उमटवताना यंत्र रंग-मेमरीत लिहिते. अक्षरे दुसऱ्या गटात नसल्याने दिसत नाहीत, पण चित्रातल्या काही घरांचा एकेक रंग बदलून बसतो.

असेंब्लीच का

हे सगळे बेसिकमधल्या पीक (बाइट वाचणे) आणि पोक (बाइट लिहिणे) या आज्ञांनीही होते. परिणाम तोच, वेळ वेगळा. बेसिकमधून आठ हजार बाइटचा बिटमॅप नुसता पुसायलाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते. प्रेक्षकाला पडदा वरून खाली रिकामा होताना दिसतो. वर सांगितलेली दोन हजार बाइटांची नक्कल असेंब्लीत सुमारे २०,००० आवर्तनांत होते. युरोपीय टीव्ही-पद्धतीत एका फ्रेमला, म्हणजे पडद्याच्या एका पूर्ण चित्राला, १९,६५६ आवर्तने मिळतात, म्हणजे चित्र साधारण एका फ्रेमच्या वेळात उभे राहते. तेवढ्यातही अर्धवट रंग डोळ्याला झटक्यासारखे जाणवू शकतात. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे आधी ५३२६५ मधला एक बिट शून्य करून पडदा झाकतात, नक्कल करतात, आणि ५३२६६ मधला ओळ-क्रमांक पाहून, टीव्हीचा झोत खालच्या बॉर्डरमध्ये असताना पडदा पुन्हा उघडतात. पडदा झाकलेला असताना बॅडलाइन होत नाहीत, त्यामुळे प्रोसेसर थोडा वेगानेही चालतो.

वेळेवरच्या या ताब्यातूनच चिपच्या अटी मोडता येतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेली एफएलआय ही युक्ती बॅडलाइनच्या नियमालाच कामाला लावते. बॅडलाइन कोणत्या ओळीवर येणार हे ५३२६५ मधल्या उभ्या सरकवणीच्या तीन बिटांवर ठरते. हे बिट प्रत्येक ओळीला बदलत राहिले तर चिप प्रत्येक ओळ बॅडलाइन समजते आणि दर वेळी रंग नव्याने वाचते. सोबत ५३२७२ बदलून तिला दर ओळीला वेगळी स्क्रीन मेमरी दाखवली की घराची उंची आठवरून एक होते. किंमत जबर आहे. आठ स्क्रीन मेमरी आणि एक बिटमॅप मिळून १६ किलोबाइटचा गट पुरता भरतो. ओळीला ६३ पैकी सुमारे २३ आवर्तने उरतात आणि तीही नेमक्या क्षणी वापरावी लागतात. शिवाय डाव्या काठाची तीन घरे बिघडतात, कारण ऐनवेळी जागी झालेल्या चिपला तिथली माहिती वेळेत मिळत नाही. चित्रकार ती पट्टी झाकून टाकतात. रंग-मेमरी एकच असल्याने चौथा रंग एफएलआयमध्येही घराला बांधलेलाच राहतो. अशी दोन चित्रे अर्ध्या पिक्सेलने सरकवून एकाआड एक फ्रेमला दाखवली की मधल्या छटांचा भास होतो. जुन्या टीव्हीवर तो बरा दिसायचा, थरथर मात्र लपत नाही.

इतर यंत्रे

झेडएक्स स्पेक्ट्रमवर दाखवण्याचे काम फारच सोपे आहे. तिथे दुसरी पद्धतच नाही. १६३८४ पासून ६,१४४ बाइट पिक्सेल आणि २२५२८ पासून ७६८ बाइट रंग, मिळून ६,९१२. झेड८० प्रोसेसरची एलडीआयआर ही एकच सूचना तीन रजिस्टरे भरून दिली की संपूर्ण चित्र नेते. बाइटमागे २१ आवर्तने धरली तर दोन फ्रेमपेक्षा थोडा अधिक वेळ. घाई असेल तर स्टॅकचा (प्रोसेसरच्या तात्पुरत्या साठ्याचा) पत्ता पडद्याकडे वळवून पुश सूचनेने दोन-दोन बाइट ढकलतात. तेव्हा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणारे इशारे) बंद ठेवावे लागतात. घराला दोनच रंग आणि दोन्हींची चमक एकच, ही अट मात्र कडक आहे. ओळींचा क्रमही विचित्र: पडद्याचे तीन भाग, प्रत्येक भागात आधी सगळ्या घरांची पहिली ओळ, मग दुसरी. कॅसेटवरून चित्र लोड होताना पट्ट्यापट्ट्यांनी भरत जाणारा पडदा ज्याने पाहिला आहे त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. त्यामागे कारण आहे. या क्रमामुळे पिक्सेलच्या आणि त्याच्या रंगाच्या पत्त्याचा खालचा बाइट एकच येतो आणि चिप दोन्ही एकामागून एक झटपट वाचू शकते. प्रोग्रॅमरलाही त्यातून एक सोय मिळाली: घरात एक ओळ खाली जायला पत्त्याच्या वरच्या बाइटात एक मिळवले की झाले.

ॲपल टूवर पडदा-पद्धत बदलायला काही लिहावे लागत नाही. ४९२३२ आणि त्यापुढच्या ठरावीक पत्त्यांना नुसता स्पर्श केला की पुरते. रंग मेमरीत साठवलेले नसतातच. शेजारच्या बिटांच्या रचनेतून अमेरिकी टीव्ही-पद्धतीत ते आपोआप उमटतात. अटारीत ॲन्टिक ही चिप 'डिस्प्ले लिस्ट' नावाचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालवते आणि ओळीओळीला पद्धत बदलू शकते. तिचा वाचन-पत्ता चार किलोबाइटची सीमा आपणहून ओलांडत नाही, त्यामुळे मोठ्या चित्राच्या मधोमध नवा पत्ता द्यावा लागतो. बीबीसी मायक्रोच्या बेसिकमध्ये असेंब्लर अंगभूतच होता. शिकायला याहून सोयीचे यंत्र त्या काळी क्वचितच होते. पण तिथल्या सर्वांत तपशीलवार पडदा-पद्धती ३२ पैकी २० किलोबाइट मेमरी खात.

आजचा वापर

आज ही चित्रे बहुधा आधुनिक संगणकावर तयार होतात. रूपांतर करणारा प्रोग्रॅम मूळ चित्राचे पिक्सेल कमी करतो, प्रत्येक घरासाठी कमीत कमी चूक देणारे रंग निवडतो आणि उरलेली चूक शेजारच्या पिक्सेलांत वाटून देतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेली फ्लॉइड–स्टाइनबर्ग पद्धत अजूनही यासाठी वापरात आहे. मात्र घरांच्या सीमांवर ती अनेकदा घाण करते, आणि हाताने पिक्सेल बसवणाऱ्या डेमोसीनमधल्या (संगणकावर हौसेने कलाकृती करणाऱ्यांच्या वर्तुळातल्या) चित्रकारांचे काम तिच्यापुढे सहज ओळखू येते. प्रोग्रॅम किक असेंब्लर किंवा ॲक्मी यांसारख्या क्रॉस-असेंब्लरमध्ये (जुन्या यंत्रासाठीचा प्रोग्रॅम आधुनिक संगणकावर तयार करणाऱ्या साधनात) लिहून, चित्राची फाइल त्यातच जोडून, व्हाइस या एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) तपासतात. एफएलआयसारख्या नाजूक युक्त्या मात्र खऱ्या यंत्रावरही पाहाव्यात, कारण अमेरिकी पद्धतीच्या यंत्रात ओळीला आवर्तने ६३ नसून ६५ असतात, आणि एका पद्धतीसाठी मोजून लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीवर पहिल्याच ओळीपासून घसरत जातो.