टब भिंतीत कसा गेला

बाथरूम नव्याने करायला घेतली की हल्ली दोन मागण्या जोडीने येतात: भिंतीलगत पक्का बसवलेला टब आणि त्याच्याभोवती खरा दगड. चकचकीत फोटोंत दोघे सख्खे भाऊ वाटतात, पण घराणी वेगळी. त्यांना जोडणारा धागा म्हणजे सांधा, म्हणजे पाणी नेमकं जिथून पळतं ती जागा.

मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातच हा झगडा दिसतो. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असलेलं हे कुंड साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं. विटा कडेवर उभ्या करून घट्ट बसवलेल्या, सांध्यांत जिप्समचा गारा, मागे डांबराचा थर. आजचा वॉटरप्रूफिंगवाला हे पाहून मान डोलवेल.

बसवलेल्या टबाचा खापरपणजोबा मात्र ग्रीसमध्ये आहे. पायलोसच्या राजवाड्यातला, इ.स.पूर्व तेराव्या शतकातला, भाजक्या मातीचा टब मातीच्या ओट्यात लिंपून टाकलेला आहे. आतून रंगीत वेलांट्या, आत उतरायला पायरी, कोपऱ्यातल्या ओट्यात पुरलेले दोन मोठे रांजण. हलवायची सोयच ठेवलेली नाही.

सत्ता आणि पैसा हाताशी असला की दुसरा उपाय होता: सांधाच नको, अख्खा दगड कोरा. रोममध्ये इ.स. २१६ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या, सम्राट काराकाल्लाच्या स्नानगृहांतली ग्रॅनाइटची दोन प्रचंड कुंडं आज तिथल्याच पियाझ्झा फार्नेसे या चौकात कारंजी म्हणून उभी आहेत. आग्र्याच्या किल्ल्यात जहांगीराचा हौज आहे. तोही एकाच दगडातला, सुमारे ५ फूट उंच नि ८ फूट व्यासाचा; काठावरच्या फारसी लेखात हिजरी १०१९ (इ.स. १६१०-११) हे साल आहे. आत-बाहेर उतरायला दगडातच पायऱ्या. बादशहाला प्लंबर लागला नसावा.

आपल्याकडे घरोघरी टब नव्हता, आणि त्याची उणीवही कुणाला भासली नाही. साचलेल्या पाण्यात बसून अंग धुणं आपल्याला पटतच नाही. बंबात तापलेलं पाणी घंगाळात, बसायला दगड, टाचेला वजरी, आणि वाहून जाणारं पाणी परसातल्या अळवाला. दगड मात्र होता, आणि तो चैनीचा नव्हता. मोरीला शहाबादी फरशी, कट्ट्याला कडप्पा. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं, मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरचं गाव; कडप्पा आंध्रातला. शहाबादी खरखरीत असल्याने ओल्या पायाला धरून ठेवते. पुढे गुळगुळीत ग्लेझ्ड टाइल आली, तिच्यापुढे शहाबादी गरिबाची ठरली, आणि आता तोच खडबडीतपणा ‘नॅचरल फिनिश’ म्हणून जास्त पैसे मोजून परत येतोय!

टबाची आधुनिक गोष्ट अमेरिकेतली. १८८३ मध्ये जॉन मायकेल कोहलर याने विस्कॉन्सिनमध्ये जनावरांच्या बिडाच्या डोणीवर एनॅमलचा मुलामा चढवला, तिला चार पाय लावले आणि टब म्हणून विकली. बदल्यात एक गाय आणि १४ कोंबड्या मिळाल्या, असं कंपनीच सांगते. पायांच्या टबाची खोड अशी की त्याच्याखाली आणि मागे केस, साबण, बुरशी साठायची आणि झाडू पोचायचा नाही. जंतूंची धास्ती घरोघरी पोचली होती. १९११ मध्ये त्याच कंपनीने पुढच्या उभ्या बाजूसकट एकसंध ओतलेला, भिंतीत बसणारा टब आणला. आज जो चैनीचा वाटतो तो मुळात केर साठू नये म्हणून भिंतीला चिकटला.

फट मिटली, तरी सांधा उरलाच; शिवाय त्याला आता संगमरवराची संगत. संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुन्याच्या जातीचे. ॲसिड ओतलं की फसफसून चमक जाते. बाथरूम धुवायला ॲसिडची बाटली ठेवणाऱ्या घरात हे दगड टिकायचे नाहीत. तिथे ग्रॅनाइट किंवा आपला काळा बेसाल्ट बरा.

दीड-दोनशे लिटर पाणी आणि वर माणूस, म्हणजे हलका ॲक्रिलिक टब भरला की जरासा खाली बसतो. कडेला सिमेंट भरलं तर तडकतं. म्हणून जाणता कारागीर आधी टब काठोकाठ भरतो, उघडलेल्या फटीत सिलिकॉन ओढतो आणि ते पुरतं सुकेपर्यंत पाणी तसंच राहू देतो.